नर्सरीच्या वर्गात ‘बी’चा आठवडा कसा घ्यावा

तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी विषय निवडताना मी आधी एकच पाहते: ती वस्तू मुलांच्या हातात देता येते का? ‘अंतराळ’ किंवा ‘समुद्रातले प्राणी’ हे विषय चित्रांवरच संपतात. बी चिमटीत धरता येते, भिजवता येते आणि आठवडाभरात मुलांच्या डोळ्यांदेखत बदलते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे असं परिसरातलंच साहित्य शिकवायला वापरलं. विकतचे संच नसले तरी काही अडत नाही. जुलैचा पहिला-दुसरा आठवडा यासाठी उत्तम, कारण बाहेरही सगळीकडे काही ना काही उगवत असतं.

तयारी आदल्या शुक्रवारी सुरू करा. घरातल्या एका प्रकारच्या बिया कागदाच्या पुडीत पाठवा, असा निरोप पालकांना द्या. चिंचोके, आंब्याची कोय, फणसाच्या आठळ्या, वाल, भोपळ्याच्या बिया, काहीही चालेल. काय पाठवू नये, हेही स्पष्ट लिहा. गुंज दिसायला सुंदर, पण विषारी. एरंडीही तशीच. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते. कच्चा राजमा पोटात गेला तर उलट्या होतात, तोही नको. शिवाय या वयात दाणा नाकात, कानात, तोंडात जातोच. म्हणून हाताळायला मोठ्या बिया घ्या, एका वेळी चार-पाचच मुलं बसवा आणि खेळ संपल्यावर बिया मोजून डब्यात ठेवा. इथे हयगय नको.

सोमवारी सगळ्या पुड्या मोठ्या ताटात उघडा आणि थोडा वेळ काहीच सांगू नका. मुलं हात घालतील, वास घेतील, ‘ही आमच्या आजीकडची’ म्हणतील. हे बोलणं म्हणजेच भाषेचा तास. त्यानंतर वाटीभर मटकी मुलांकडूनच पाण्यात घालून घ्या आणि पसरट कुंडीत मेथी पेरा. दोन पारदर्शक पेल्यांत कापूस भरून कडेला हरभरे खोचा. एका पेल्यातला कापूस रोज ओला करायचा, दुसरा कोरडाच ठेवायचा. मटकी ताईंनी घरी न्यावी, आठ-दहा तास भिजली की निथळून फडक्यात बांधावी.

मंगळवारी फडकं उघडायचं. बारीक मोड दिसले की वर्गात जो गलका होतो, तो होऊ द्या. कोरडी मटकी आणि भिजलेली मटकी शेजारी ठेवून ‘काय वेगळं दिसतंय?’ एवढंच विचारा. ‘फुगली’, ‘शेपटी आली’ अशी उत्तरं येतील. ‘मोड’ हा शब्द त्यानंतर द्यावा, आधी नाही.

बुधवारी मोड चांगले लांबतात. पावसाळी गारव्यात एखादा दिवस जास्त लागला तर थांबा. मऊ वाफवून, किंचित मीठ घालून चमचाभर उसळ प्रत्येकाला द्या. घरी कडधान्याला नाक मुरडणारी मुलंही स्वतः भिजवलेली मटकी चाखून बघतात.

गुरुवार गणिताचा. चिंचोके आणि वाल मिसळून दोन वाट्यांत वेगळे करायचे, मग पाचपर्यंत मोजायचे. याहून पुढे जायची घाई नको. चिमटीने बी उचलणं ही पेन्सिल धरण्याची खरी तयारी आहे, त्यामुळे या वयात अक्षरं गिरवून घेण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं. कंटाळा दिसला की दहा मिनिटांत आवरा आणि अंगणात जाऊन ‘बी’ व्हा: गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, ताईने पाणी शिंपडल्यासारखं केलं की हळूहळू उठायचं.

शुक्रवारी दोन्ही पेले समोर ठेवा. ओल्या पेल्यातल्या हरभऱ्याला मूळ फुटलेलं असतं, कोरड्यातला तसाच. कारण मुलांना शोधू द्या. कुणी ‘त्याला तहान लागलीय’ म्हणालं, तर ते उत्तर बरोबरच आहे. कोरड्या पेल्यात आता पाणी घाला आणि सोमवारी पुन्हा बघा.

बिया चिकटवून चित्र करायचं असेल, तर ते मुलाचंच असू द्या. पालकांना दाखवायला ताईंनी रेखीव मोर करून देणं हे मुलाचं काम हिरावून घेणं आहे. मेथी दोन-तीन आठवड्यांत खुडण्याजोगी होते. तोवर रोज एका मुलाकडे पाणी घालायचं काम द्या आणि पुढचा विषय ‘पान’ घ्या.