डिफरेंशियल इम्पीडन्स कसा मोजावा: एक ट्रेस मोजून दुप्पट करू नका

एकमेकांच्या उलट सिग्नल वाहणाऱ्या दोन ट्रेसच्या (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या) जोडीचा इम्पीडन्स ठरलेला असतो: यूएसबी २.० च्या जोडीला ९० ओहम, इथरनेट आणि एचडीएमआयला १०० ओहम, हे आकडे पीसीबी बनवणाऱ्याला कळवणे सोपे असते. बोर्ड हातात आल्यावर ते खरोखर उतरलेत का, हे तपासायची वेळ आली की एक सल्ला हमखास मिळतो: ‘टीडीआरवर एक ट्रेस मोज आणि दुप्पट कर.’ (टीडीआर म्हणजे लाइनमध्ये व्होल्टेजची पायरी, म्हणजे स्टेप, सोडून परतणाऱ्या सिग्नलवरून इम्पीडन्स दाखवणारे यंत्र.) ज्या जोडीत कपलिंग आहे, म्हणजे दोन ट्रेसचा एकमेकांवर परिणाम होतो, तिथे हा सल्ला चुकीचा आहे. त्यापायी चांगले बोर्ड परत जातात आणि वाईट बोर्ड पास होतात.

शेजारी धावणाऱ्या दोन ट्रेसपैकी कोणत्याही एकाचा इम्पीडन्स स्वतंत्र नसतो. शेजाऱ्यावर त्या क्षणी काय चालले आहे, यावर तो ठरतो. दोघांवर विरुद्ध सिग्नल असले, म्हणजे ऑड मोड असला, की दोन ट्रेसमधला व्होल्टेज फरक दुप्पट होतो. त्यामुळे त्यांच्यामधला कपॅसिटन्स प्रत्येकाला दुप्पट भासतो, म्युच्युअल इंडक्टन्स वजा होतो आणि इम्पीडन्स खाली येतो. दोघांवर सारखाच सिग्नल असला, म्हणजे इव्हन मोड असला, की मधल्या कपॅसिटन्सला कामच उरत नाही, म्युच्युअल इंडक्टन्स मिळवला जातो आणि इम्पीडन्स वर जातो. डिफरेंशियल इम्पीडन्स म्हणजे ऑड मोडच्या इम्पीडन्सची दुप्पट. कॉमन मोड इम्पीडन्स म्हणजे इव्हनच्या निम्मा.

आता आकडे घालून बघा. ऑड ४५ ओहम, इव्हन ५५ ओहम. जोडी अगदी हवी तशी, ९० ओहमची. शेजारचा ट्रेस ५० ओहमने टर्मिनेट करून एकच ट्रेस मोजला, तर टीडीआरवर सुमारे ४९.७५ ओहम दिसतात, कारण एकट्या स्टेपमध्ये ऑड आणि इव्हन निम्मे निम्मे मिसळलेले असतात. दुप्पट केले की ९९.५. उत्पादकाशी ९० ओहम अधिक-उणे १० टक्के ठरले असेल, तर वरची मर्यादा ९९. बिनचूक बनलेला बोर्ड नापास. उलट ऑड ३७.५ आणि इव्हन ४६ असलेली जोडी खरी ७५ ओहमची, मर्यादेच्या खाली. दुप्पट करणाऱ्याला ती ८३ दिसते आणि पास होते. शेजारचा ट्रेस तरंगता सोडला तर आकडा आणखी वेगळा येतो, आणि त्याला काही अर्थ नसतो.

म्हणून दोन्ही ट्रेस एकाच वेळी, विरुद्ध स्टेपनी चालवूनच मोजायचे.

तयारी

दोन चॅनलचा टीडीआर, एकाच लांबीच्या दोन चांगल्या केबली, ५० ओहमची दोन अचूक टर्मिनेशन्स, टॉर्क पाना आणि कूपन (बोर्डासोबतच बनवलेला, मोजायच्या जोडीचा चाचणी-तुकडा). यंत्र अर्धा तास तापू द्या. मनगटाला अर्थिंगचा पट्टा हवाच, आणि कूपन प्रोबला लावण्याआधी त्याच्या दोन्ही ट्रेसवरचा चार्ज ग्राउंडला उतरवून घ्या. टीडीआरच्या सॅम्पलिंग हेडचा (सिग्नल टिपणाऱ्या भागाचा) पुढचा भाग फार नाजूक असतो. कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थिर वीज तो एका स्पर्शात जाळते, आणि अर्धवट जळलेले हेड काहीच न बोलता दिवसभर चुकीचे आकडे देत राहते.

दोन्ही स्टेप टोकाला एकाच क्षणी पोहोचल्या पाहिजेत

सगळा घोळ इथे होतो. बाकी पायऱ्या मोजमापाच्या सवयीने जमतात, ही जमत नाही.

केबलींच्या लांबीत ५ मिलिमीटरचा फरक असला, तर पीटीएफई केबलमध्ये तो सुमारे २४ पिकोसेकंदांचा होतो. स्टेपचा राइज टाइम (तिला चढायला लागणारा वेळ) ३५ पिकोसेकंद असेल, तर एक ट्रेस बराचसा चढून गेल्यावर दुसरा हलायला लागतो. तेवढा वेळ जोडीवर ना शुद्ध ऑड मोड असतो ना इव्हन. लांब आणि एकसारख्या कूपनच्या मधल्या सपाट भागात त्यामुळे फारसे बिघडत नाही, आणि म्हणूनच ‘डेस्क्यू नाही केला तरी चालतो’ (डेस्क्यू म्हणजे दोन चॅनलमधला वेळेचा फरक, म्हणजे स्क्यू, काढून टाकणे) असा गैरसमज पसरतो. पण व्हाया (थर जोडणारे छिद्र), कनेक्टर, प्रोब टेकवायची जागा, वीस-तीस मिलिमीटरची छोटी जोडी अशा ठिकाणी नसलेला खड्डा आणि नसलेला उंचवटा स्क्रीनवर उभा राहतो. मग लोक तो दुरुस्त करायला लेआउट बदलतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. स्क्यू एक नसतो, दोन असतात. एक स्टेपचा: कोणत्या चॅनलची स्टेप केबलच्या टोकाला आधी पोहोचते. दुसरा रिसीव्हरचा: टोकावरून परतलेला सिग्नल कोणत्या चॅनलला उशिरा दिसतो. ‘दोन्ही टोके उघडी ठेवा आणि परतणाऱ्या कडा एकावर एक आणा’ ही नेहमीची सूचना अर्धवट आहे. त्या कडेच्या वेळेत जाण्याचा आणि येण्याचा दोन्ही स्क्यू बेरीज होऊन बसलेले असतात. चॅनल १ ची स्टेप १० पिकोसेकंद उशिरा आणि त्याचा रिसीव्हर १० पिकोसेकंद लवकर असला, तर स्क्रीनवर कडा तंतोतंत जुळतात, आणि प्रोबच्या टोकाला १० पिकोसेकंदांची चूक तशीच राहते.

ती वेगळी करायची पद्धत अशी. या कामापुरत्या दोन्ही स्टेप धन ठेवा, आणि सगळ्या वेळा एकाच ट्रिगरपासून, कडेच्या ५० टक्के उंचीवर घ्या.

आधी दोन्ही टोके उघडी ठेवा. फक्त चॅनल १ ची स्टेप सोडा आणि तिची परतलेली कड चॅनल १ वर कधी येते ते टिपा. मग चॅनल २ साठी तसेच करा.

आता दोन्ही टोके एका छोट्या फिमेल-फिमेल अडॅप्टरने एकमेकांना जोडा. चॅनल २ ची स्टेप सोडून ती चॅनल १ वर कधी पोहोचते ते टिपा. मग उलट.

चॅनल १ वर टिपलेल्या परतीच्या वेळेतून, दुसरीकडून आलेल्या स्टेपची वेळ वजा करा. चॅनल २ वर तेच करा. पहिल्या वजाबाकीतून दुसरी वजा करून निम्मे करा: चॅनल १ ची स्टेप टोकाला तेवढी उशिरा पोहोचते आहे. समजा, चॅनल १ ची वजाबाकी उणे ३८ पिकोसेकंद आली आणि चॅनल २ ची उणे ६२. फरक २४, निम्मे १२. म्हणजे चॅनल १ ची स्टेप १२ पिकोसेकंद आधी सोडायला हवी. अडॅप्टरची लांबी दोन्ही वजाबाक्यांत सारखीच असल्याने ती आपोआप निघून जाते. ती माहीत असायची गरज नाही.

ही दुरुस्ती स्टेपच्या डेस्क्यूमध्ये घाला. त्यानंतरच, आणि त्यानंतरच, टोके पुन्हा उघडी करून परतणाऱ्या कडा रिसीव्हरच्या डेस्क्यूने जुळवा. क्रम उलटा केला तर सगळे पुन्हा करावे लागते. उरलेला स्क्यू राइज टाइमच्या दहाव्या भागाच्या आत आणा; ३५ पिकोसेकंदांच्या स्टेपला साधारण ३ पिकोसेकंद. यानंतर केबल वाकवू नका, बदलू नका, कनेक्टर सैल करून पुन्हा आवळू नका. यातले काही झाले की डेस्क्यू पहिल्यापासून.

जोडीचा प्रोब वापरत असाल तर डेस्क्यूनंतर त्याची दोन्ही टोके तांब्याच्या एकाच तुकड्यावर टेकवून बघा. दोन्ही चॅनलवर शॉर्टची कड एकाच जागी कोसळली पाहिजे. नाही कोसळली, तर प्रोबच्या दोन सुया सारख्या नाहीत. केबलींना दोष देऊ नका.

मोजणे आणि आकडा वाचणे

दोन्ही केबलींना ५० ओहमची टर्मिनेशन्स लावून संदर्भ पातळी घ्या. मग कूपन जोडा, एक स्टेप धन, दुसरी ऋण. दूरचे टोक उघडे राहू द्या, लाइन कुठे संपते ते त्याने कळते.

आकडा कुठे वाचायचा यावर भांडणे होतात. प्रोब लागल्या जागचे हेलकावे शमेपर्यंतचा भाग सोडा. शेवटचा भागही सोडा. साधारण ३० ते ७० टक्के लांबीची सरासरी घ्या. बारीक ट्रेसवर रेषा हळूहळू वर चढताना दिसते. तो इम्पीडन्स बदलत नसून तांब्याचा रोध जमा होत असतो. ०.१ मिलिमीटर रुंद, १७ मायक्रॉन जाड, १५० मिलिमीटर लांब ट्रेसचा रोध सुमारे दीड ओहम. जोडीत तो ३ ओहम होऊन शेवटच्या वाचनात दिसतो. अशा वेळी सपाट रेषेची सरासरी न घेता, चढावाला सरळ रेषा बसवून ती लाइनच्या सुरुवातीपर्यंत मागे न्या आणि तिथला आकडा घ्या.

मोजमाप सोल्डर मास्क (बोर्डावरचा संरक्षक लेप) असलेल्या, तयार बोर्डावरच करा. बाहेरच्या थरावरच्या जोडीत मास्क फटीतली हवा हटवून बसतो आणि इम्पीडन्स खाली ओढतो.

दोन चॅनलचा टीडीआर नसेल तर

जोडी रेषीय आणि निष्क्रिय आहे, त्यामुळे एकेक स्टेप सोडून बेरीज-वजाबाकी चालते. चालवलेल्या ट्रेसचे परावर्तन आणि शेजारच्या ट्रेसच्या त्याच टोकाला आलेला सिग्नल, दोन्ही मोजा. सममित जोडीत पहिल्यातून दुसरे वजा केले की डिफरेंशियल परावर्तन गुणांक मिळतो. वरच्या ९० ओहमच्या जोडीत परावर्तन उणे ०.००२५ आणि शेजाऱ्यावरचा सिग्नल अधिक ०.०५०१ येतो. वजाबाकी उणे ०.०५२६. आता १०० ला (१ + गुणांक) ने गुणा आणि (१ − गुणांक) ने भागा: बरोबर ९०.

दोन पोर्टच्या व्हीएनएवरही (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना परतणारा आणि पलीकडे जाणारा सिग्नल मोजणाऱ्या यंत्रावरही) हेच. पोर्ट १ एका ट्रेसला, पोर्ट २ त्याच टोकाकडून दुसऱ्याला, आणि दूरची दोन्ही टोके ५० ओहमवर. वजाबाकी फेजसकट, कॉम्प्लेक्स आकड्यांची करायची. डेसिबल वजा केले तर निघणारा आकडा निरर्थक असतो. मूळ नॅनोव्हीएनएसारखे स्वस्त यंत्र ९०० मेगाहर्ट्झपर्यंत जाते, म्हणजे राइज टाइम अर्ध्या नॅनोसेकंदाचा, आणि बोर्डावर साधारण ४० मिलिमीटरपेक्षा बारीक काही दिसत नाही. केबलीसाठी ठीक, व्हायासाठी नाही.

आकडा चुकला तर दोष कुठे

डेस्क्यू झालेलाच आहे, तर दोन्ही स्टेप धन करून इव्हन मोडही मोजून ठेवा. त्याला मिनिटभर लागतो. नुसत्या ८० ओहमच्या वाचनावरून उत्पादकाला काहीच सांगता येत नाही. ऑड खाली आणि इव्हन वर गेला असेल, तर रुंदी ठीक आहे पण दोन ट्रेसमधली फट कमी झाली आहे. ऑड खाली आला आणि इव्हन जवळजवळ जागेवर असेल, तर एचिंग (नको असलेले तांबे रसायनाने काढणे) अपुरे झाले का किंवा मास्क जाड बसला का ते बघा. दोन्ही खाली, आणि इव्हन जास्त खाली, असे दिसले तर ट्रेस आणि ग्राउंड प्लेनमधला डायइलेक्ट्रिक पातळ आला आहे. कूपन कापून सूक्ष्मदर्शकाखाली नेमके कोणते माप घ्यायचे, ते यावरून आधीच ठरते.