साइनचा ग्राफ नुसता पाठ नका करू, पुण्याच्या दिवसावर बसवून बघा

माझ्याकडे अकरावीची मुलं गणिताला येतात आणि दरवर्षी गाडी एकाच जागी अडते, सूत्र पाठ असतं पण ॲम्प्लिट्यूड म्हणजे नेमकं काय विचारलं की सगळे गप्प. म्हणून मी आता सूत्र शेवटी सांगते. तुम्हीही याच क्रमाने जा, तासाभराचं काम आहे.

आधी पिरिऑडिक म्हणजे काय ते कानाने समजून घ्या

तीनताल म्हणा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. आता सांगा, किती मात्रांनी हे परत येतं? पटकन वाटतं ४, कारण पहिले दोन विभाग अगदी सारखे आहेत, पण तिसऱ्या विभागात ‘खाली’ (टाळी नसलेला भाग) येते, बोल बदलतात आणि ४ चं उत्तर तिथेच चुकतं. सगळंच्या सगळं जसंच्या तसं परत यायला १६ मात्रा लागतात. ३२ नी पण परत येतं, ४८ नी पण, पण सगळ्यात लहान अंतर १६, तो पिरिअड. ज्याला आपण आवर्तन म्हणतो तेच हे. थोडा भाग सारखा दिसला म्हणून पिरिअड सापडला असं होत नाही, पेपरात पण इथेच मार्क जातात.

मग साइन हाताने काढा

अप्पा बळवंत चौकात (पुण्यातला पुस्तकं-वह्यांचा बाजार) गेलात तर ग्राफपेपर घेऊन या. कंपासने ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, मधून आडवी रेघ मारा आणि उजव्या टोकापासून वर जात दर ३० अंशाला एक खूण करा. प्रत्येक खूण आडव्या रेघेपासून किती उंच आहे ते पट्टीने मोजा: ०, २.५, ४.३, ५, मग परत ४.३, २.५, ०, आणि पुढे तेच आकडे रेघेच्या खाली. शेजारी आडव्या अक्षावर अंश आणि उभ्यावर या उंच्या घेऊन ठिपके जोडले की साइनची लाट तयार (उंचीला त्रिज्येने, म्हणजे ५ ने, भागलं की त्या कोनाचा साइन). इथे जरा थांबून बघा, पहिल्या ३० अंशात उंची २.५ ने वाढली, पुढच्या ३० त १.८ ने आणि त्यापुढच्या ३० त फक्त ०.७ ने. म्हणजे मध्यरेषेजवळ लाट झपाझप चढते आणि माथ्यावर रेंगाळते, हे लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे. (आर्यभटाने आर्यभटीयात ‘ज्या’चं कोष्टक दिलंय तेही याच उंच्यांमधल्या फरकांचं, फक्त त्याने उंच्या दर पावणेचार अंशाला घेतल्या. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आणि साइन हा शब्द फिरत फिरत त्यावरूनच आलाय.)

आता पुण्याचा दिवस घ्या

पुण्यात जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साधारण १३ तास १४ मिनिटांचा, आणि डिसेंबरमधला सगळ्यात लहान ११ तास १ मिनिटाचा. आपल्याला चार आकडे हवेत.

मधली रेषा म्हणजे दोघांची सरासरी, १२ तास साडेसात मिनिटं. (बरोबर १२ का नाही? सूर्याची वरची कड दिसली की उगवला असं धरतात आणि हवेमुळे प्रकाश थोडा वाकतो, म्हणून ती वरची मिनिटं.)

ॲम्प्लिट्यूड म्हणजे लाट मधल्या रेषेपासून किती वर-खाली जाते ते, दोघांतल्या फरकाचं निम्मं. फरक १३३ मिनिटं, म्हणून साडेसहासष्ट. निम्मं करायला विसरू नका, निम्मी मुलं विसरतात.

पिरिअड ३६५ दिवस. आणि शिफ्ट, म्हणजे लाट किती दिवस पुढे सरकवायची ते, ८०, कारण लाट मधल्या रेषेवरून वर चढते ती २१ मार्चच्या आसपास, आणि तो वर्षाचा ८० वा दिवस.

झालं, एवढंच सूत्र:

दिवसाची लांबी = १२ तास ७.५ मि. + ६६.५ मि. × साइन(३६०/३६५ × (न − ८०))

न म्हणजे १ जानेवारीपासून कितवा दिवस.

पडताळून बघा

१५ ऑगस्ट हा २२७ वा दिवस. २२७ मधून ८० गेले १४७, त्याचे अंश झाले १४५, साइन १४५ म्हणजे ०.५७४ (कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना ते आधी बघा, रेडियनवर असेल तर भलतंच येतं). ६६.५ ला गुणलं की ३८ मिनिटं, म्हणजे दिवस १२ तास ४६ मिनिटांचा. आता त्या दिवशीचा पुण्याचा सूर्योदय आणि सूर्यास्त बघून वजाबाकी करा, मिनिट-दोन मिनिटांच्या आत जुळतं! पहिल्यांदा जुळलं तेव्हा वर्गातली एक मुलगी परत परत गुणाकार करून बघत होती.

आणि ते माथ्यावरचं रेंगाळणं आठवतंय? मार्चअखेर पुण्यात दिवस रोज मिनिटाहून जास्त वाढतो, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र रोजचा फरक काही सेकंदांचाच असतो.

शेवटी दिल्ली करून बघा. तिथे मोठा दिवस जवळपास १४ तासांचा, लहान साधारण १० तास १९ मिनिटांचा. पिरिअड तोच, शिफ्ट तीच, मधली रेषाही जवळजवळ तिथेच, बदलतो फक्त ॲम्प्लिट्यूड, साडेसहासष्टचा एकदम ११० च्या आसपास जातो.