एकाच जुनिपर राउटरवर दोन वेगळे राउटिंग इन्स्टन्स कसे लावायचे

राउटर एकच, कस्टमर दोन, आणि दोघांच्याही लॅनला १९२.१६८.१.०/२४ च आहे. नवीन राउटर मागवायची गरज नाही, जुनोसमध्ये (जुनिपर राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम) दोन राउटिंग इन्स्टन्स बनवायचे, म्हणजे एकाच राउटरमध्ये जणू दोन वेगळे राउटर, मग प्रत्येकाचं रूटिंग टेबल वेगळं.

आधी इन्स्टन्सचा टाइप बघा. नेटवर बहुतेक ठिकाणी व्हीआरएफ (एमपीएलएस व्हीपीएनसाठीचा टाइप) दिसतं म्हणून लोक तेच टाकतात आणि मग कमिटला, म्हणजे कॉन्फिग लागू करताना, राउट डिस्टिंग्विशर (व्हीपीएनचे रूट वेगळे ओळखायचा नंबर) नाही म्हणून एरर येतो. एमपीएलएस व्हीपीएन (सर्व्हिस प्रोव्हायडर वेगवेगळ्या कस्टमरची नेटवर्क एकाच नेटवर्कवरून वेगळी नेतात ते) चालवत नसाल तर सरळ व्हर्च्युअल-राउटर घ्या, त्याला ते काही लागत नाही.

कॉन्फिग मोडमध्ये:

सेट राउटिंग-इन्स्टन्सेस कस्ट-ए इन्स्टन्स-टाइप व्हर्च्युअल-राउटर
सेट राउटिंग-इन्स्टन्सेस कस्ट-ए इंटरफेस जीई-०/०/१.०
सेट राउटिंग-इन्स्टन्सेस कस्ट-ए इंटरफेस जीई-०/०/२.०
सेट राउटिंग-इन्स्टन्सेस कस्ट-ए राउटिंग-ऑप्शन्स स्टॅटिक रूट ०.०.०.०/० नेक्स्ट-हॉप १०.१.१.१

यात पहिला इंटरफेस लॅनचा, दुसरा लिंकचा (१०.१.१.२/३०). नेक्स्ट-हॉप याच इन्स्टन्समधल्या इंटरफेसवरून पोचला पाहिजे, नाहीतर रूट टेबलमध्ये येणारच नाही. कस्ट-बी पण असाच, फक्त इंटरफेस आणि नेक्स्ट-हॉप त्याचे. आयपी परत टाकायला लागत नाही, सिस्कोवाल्यांना परत टाकायची फार सवय असते कारण तिकडे इंटरफेस व्हीआरएफमध्ये टाकला की आयपी उडतो. मेन टेबलमधले (राउटरचं मूळ टेबल, इनेट.०) जुने स्टॅटिक रूट मात्र आपोआप इकडे येत नाहीत, ते हाताने हलवा.

ज्या इंटरफेसवरून तुम्ही लॉगिन आहात तोच हलवत असाल तर साधं कमिट अजिबात मारू नका, कमिट कन्फर्म्ड मारा, १० मिनिटांत परत कमिट केलं नाही तर जुनी कॉन्फिग परत येते. ही सवय नसेल तर आत्ताच लावून घ्या.

आता चेक: शो रूट टेबल कस्ट-ए.इनेट.० मध्ये रूट दिसले पाहिजेत. पिंग मारताना शेवटी राउटिंग-इन्स्टन्स कस्ट-ए लिहा, नाहीतर राउटर मेन टेबलमध्ये शोधतो, पिंग जात नाही आणि माणूस उगाच केबल तपासत बसतो.

पुढे एखाद्या इन्स्टन्सला मेन टेबलमधून इंटरनेट द्यायचं झालं तर त्याच्या डिफॉल्ट रूटला नेक्स्ट-हॉपऐवजी नेक्स्ट-टेबल इनेट.० द्या. उलट्या बाजूलाही, म्हणजे मेन टेबलमधून त्या इन्स्टन्सकडे, नेक्स्ट-टेबल टाकायला गेलात तर लूप होऊ शकतो म्हणून जुनोस कमिटच करू देत नाही, तिथे रिब-ग्रुप (एका टेबलमधले रूट दुसऱ्या टेबलमध्येही टाकायची सोय) वापरा.