मक्याच्या पोंग्यातली लष्करी अळी: शेवटी काय लागू पडलं

शिरोळकडचा आमचा मका. पानांवर ओळीनं छिद्रं, पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, ओल्या भुशासारखी विष्ठा. पोंगा उकलला की आत अळी: डोक्यावर इंग्रजी वाय (Y) उलटा, शेपटाकडं चौकोनात चार काळे ठिपके. औषधं बदलून भर उन्हात फवारण्या झाल्या, अळी जागची हलेना. जीव रडकुंडीला आला.

विष्ठेचं बूच बसल्यानं औषध आत पोचतच नव्हतं, आणि उन्हात अळी खोल दडते.

मग आधी शेतात पाच ठिकाणची झाडं तपासली. दहातल्या एकाहून जास्त पोंगे खाल्लेले दिसले, तेव्हा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी हे कीटकनाशक घेतलं, १० लिटर पाण्यात ४ मिली. ऊन उतरल्यावर नोझल थेट पोंग्यावर धरून, आत औषध उतरेपर्यंत. अळी लहान असतानाच मारा, मोठी झाली की दाद देत नाही. वैरणीचा मका असेल तर फवारणीनंतर कापणीआधी थांबायचे लेबलवरचे दिवस पाळाच. आता उगवणीपासूनच एकरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावतो.