आधी पेटी, मग गिटार: मंडळीत वाजवायला बसणाऱ्या दोघांसाठी

पुढचे सहा महिने रविवारची पहिली पाळी माझ्या माथी आली आहे. तुम्ही मंडळीत ‘आमेन’ म्हणत असाल तेव्हा मी अंबडला कारखान्यात गेज आणि मायक्रोमीटर घेऊन बसलेला असेन. गिटार आता तुमच्याकडे. धाकट्याकडे अकूस्टिक, ताईकडे इलेक्ट्रिक. पाळकसाहेब म्हणाले, पोरांना चार गोष्टी सांगून ठेव. तोंडी सांगितल्या तर उपासनेनंतरची मिसळ खाता खाता विसराल, म्हणून लिहून काढतोय. सतरा वर्षांत मी केलेल्या चुका तुम्ही परत करायलाच हव्यात असं नाही. नव्या करा.

सूर पेटीचा

माझ्या पहिल्या नाताळात मी नवाकोरा क्लिप ट्यूनर लावून गिटार अशी लावली होती की बास. सहाही तारांवर हिरवा दिवा. पहिलं गाणं सुरू झालं आणि पेटीवाल्या काकूंनी माझ्याकडे कैरी चावल्यासारखं बघितलं. चूक ट्यूनरची नव्हती, काकूंचीही नव्हती. ट्यूनर ए हा सूर धरतो ४४० हर्ट्झला, आणि काकूंची हाताने बनवलेली जुनी पेटी त्याहून केसभर चढी आहे. पेटीच्या पट्ट्या काही कान पिळून उतरवता येत नाहीत. उतरायचं किंवा चढायचं ते आपण.

तर असं करा. काकूंना पांढरी सहा धरून ठेवायला सांगा, म्हणजे ए. ट्यूनर पेटीच्या लाकडाला टेकवा आणि आकडा बघत त्याचं कॅलिब्रेशन वाढवत जा. काटा मधे आला की थांबा. आपल्या पेटीला तो ४४३ वर येतो. आता त्या ४४३ वर गिटार लावा. कीबोर्ड असेल त्या दिवशी त्याचंही मास्टर ट्यूनिंग तेवढंच चढवायला सांगा. विसरलात तर काकू आहेतच.

डिसेंबरात सकाळी साडेसातला स्कूटरवरून गिटार आणता तेव्हा तारा थंडीने आकसलेल्या असतात, सूर चढा लागतो. नाशिकची थंडी तुम्हाला सांगायला नको. तेव्हाच लावून मोकळे झालात तर हॉल माणसांनी भरून उबदार झाल्यावर दुसऱ्या कडव्याला गिटार उतरते. पिशवीतून काढून वीस मिनिटं नुसती स्टँडवर ठेवा, मग लावा, आणि वचनवाचन चालू असताना हलक्या हाताने परत एकदा तपासा. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर उचलल्या जातात. बाराव्या फ्रेटवर (गळ्यावरच्या बाराव्या धातूच्या रेघेवर) सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड, तारेखाली अडीच मिलिमीटर आणि पहिलीखाली पावणेदोनच्या आसपास असलं की बोटं सुखी असतात. मी फीलर गेज लावून मोजतो, तुम्ही मोजपट्टी लावून बघितलं तरी चालेल. आणि मे महिन्यात गिटार गाडीच्या डिकीत ठेवायची नाही. तरुण संघाच्या शिबिराला मी ठेवली होती, दुपारी काढली तर तारा अडकवायच्या ब्रिजचा डिंक सुटून तो पापडासारखा वर आला होता.

दोन बोटं हलवायची नाहीत

आता मुख्य गोष्ट. आजकालच्या आराधनेच्या गाण्यांतली गिटार ऐकायला भारी वाटते, पण तिचा निम्मा प्राण एका साध्या युक्तीत आहे.

अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. करंगळी पहिल्या तारेवर, तिसऱ्याच फ्रेटला. ही दोन बोटं आता गाणं संपेपर्यंत उचलायची नाहीत. राहिली तर्जनी आणि मधलं बोट. तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, मधलं सहावीवर तिसऱ्याला: हा जी. दोन्ही बोटं एकेक तार खाली सरकवा, म्हणजे चौथीवर आणि पाचवीवर: सी ॲड नाइन. पाचवी आणि चौथी, दोन्हीकडे दुसरा फ्रेट: ई मायनर सेव्हन. मधलं बोट सोडून द्या, तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला ठेवा, फक्त खालच्या चार तारा छेडा: डी सस फोर. या चारांवर तुम्ही वर्षभर काढू शकता. मी तीन वर्षं काढली.

करंगळीखाली कोणता सूर आहे ते बघा. जी. गाणं जी पट्टीत असेल तर तोच सा. अनामिकेखाली डी, म्हणजे प. खाली कॉर्ड बदलत राहतात, वर सा आणि प अखंड वाजत राहतात. म्हणजे तानपुराच की! १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातली हिप्पी पोरं गिटार घेऊन चर्चमध्ये शिरली, १९७१ मध्ये तिथेच मॅरानाथा म्युझिक ही ख्रिस्ती गाण्यांची कंपनी निघाली, पुढे सिडनीचं हिलसाँग आणि कॅलिफोर्नियातल्याच रेडिंगचं बेथेल या चर्चनी हा बाज जगभर नेला. त्यांनी तो तानपुऱ्यावरून उचलला असं मी म्हणत नाही. पण आपल्या मंडळीतल्या ज्या आज्यांना ‘इंग्रजी धिंगाणा’ आवडत नाही, त्या या चार कॉर्डवर डोळे मिटून बसतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

कॉर्डची नावं बोलायची तर सरगमात बोला. तिकडचे लोक ‘वन-फाइव्ह-सिक्स-फोर’ म्हणतात. आपण ‘सा-प-ध-म’ म्हटलं की काकूंनाही कळतं, तबल्यावरच्या मामांनाही. जीमध्ये तेच जी, डी, ई मायनर, सी. पट्टी बदलली तरी सा-प-ध-म तेच राहतात, आणि कोरसच्या आधी मागे वळून ‘म वर थांबतोय’ एवढं पुटपुटलं तरी सगळे थांबतात.

पट्टीचंही तसंच. काकू ‘ए फ्लॅट’ कधीच म्हणणार नाहीत, ‘काळी चार’ म्हणतील. घाबरू नका. काळी चार म्हणजे पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) आणि जीचा आकार, म्हणजे जीच्या कॉर्डची बोटांची ठेवण. काळी पाच म्हणजे तिसऱ्यावर कॅपो, आकार तोच. काळी एकला पहिल्यावर कॅपो आणि सीचा आकार, काळी दोनला पहिल्यावर कॅपो आणि डीचा आकार. काळी तीन सगळ्यांनाच नकोशी असते. तिथे दुसऱ्यावर कॅपो लावून ईचा आकार धरा.

दोघांनी एकच आकार एकाच जागी वाजवू नका. धाकटा जीचा आकार उघड्या तारांवर धरत असेल तर ताईने पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून डीचा आकार धरावा. सूर तोच, आवाज मात्र दोन मजल्यांचा.

पट्टी उतरवा, हात आवरा

यूट्यूबवरचं गाणं ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत घ्यायचा हट्ट करू नका. तिथे गाणारा उंच आवाजाचा पुरुष असतो आणि गाण्याच्या ब्रिजला, म्हणजे कडवं आणि कोरस यांहून वेगळ्या चालीच्या ओळींना, वरच्या सप्तकात उडी मारतो. आपल्याकडे सकाळी साडेआठला निम्म्या मंडळीचा घसा अजून उठलेलाही नसतो. चालीतला सगळ्यात वरचा सूर शोधा. तो वरच्या पांढऱ्या दोनच्या पुढे जात असेल तर दोन-तीन पट्ट्या खाली उतरा. माझी कसोटी सोपी आहे: आई भाकऱ्या थापताना ते गाणं न थांबता गाऊ शकली पाहिजे.

हाताचं सांगायचं तर पहिल्या कडव्याला आवर्तनात एकच झणकार, आणि तो विरू द्यायचा. दुसऱ्या कडव्याला तळहाताची कड गिटारच्या ब्रिजजवळ टेकवून खालच्या दिशेने दबके ठोके. कोरसला मोकळं सोडा. गाण्यातला ब्रिज चारदा असेल तर चारही वेळा जीव काढून वाजवू नका, चौथ्या वेळेसाठी काहीतरी हातात राहिलं पाहिजे. आणि शेवटच्या कोरसला पूर्ण थांबा.

हे थांबणं मला कुणी शिकवलं नाही, लाइट गेली तेव्हा कळलं. पावसाळ्यातला रविवार, ऐन ब्रिजला सगळं बंद. माझी इलेक्ट्रिक म्हणजे नुसती लाकडाची फळी. काकूंनी भाता हलवायचा थांबवला नाही आणि लोक गात राहिले. तिसऱ्या बाकावरचे आजोबा गात नाहीत असा माझा कित्येक वर्षांचा समज होता. ते खर्जात खणखणीत गात होते. माझ्याच आवाजाखाली दबले होते इतके दिवस.

इंग्रजी गाण्याचे मराठी शब्द घेताना एक बघा. तिकडे जिथे सूर लांबवला आहे तिथे आपला ऱ्हस्व स्वर आला की जीभ अडखळते. ‘तुझी कृपा’मधला ‘कृ’ चार मात्रा कोण ताणणार? ‘पा’ ताणा. त्यासाठी कॉर्ड अर्धी मात्रा उशिरा बदलावी लागली तर बदला. चाल मोडली म्हणून कुणी सिडनीहून येणार नाही.

भजनाला चार कॉर्ड चिकटवू नका

आपल्या मंडळीत अजूनही निम्मी गाणी भजनांच्या चालीची आहेत, आणि तसंच राहू दे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना काही सोडलं नाही. ख्रिस्ताची गाणी त्यांनी अभंगाच्या आणि कीर्तनाच्या वाटेनेच आणली. लक्ष्मीबाई तर आपल्या इथल्याच, जलालपूरच्या. या मातीतल्या गाण्यांपुढे गिटार पाहुणी आहे. पाहुणीने स्वयंपाकघरात लुडबुड करू नये.

चाल भूपासारखी मोकळी असेल तर वरचे चारही आकार बिनधास्त चालतात. पण चालीत कोमल रे दिसला, भैरवीचा वास आला, की सा-प-ध-म विसरा. शुद्ध धैवताच्या आणि गंधाराच्या कॉर्ड तिथे दातात खडा आल्यासारख्या लागतात. अशा वेळी सहावी तार ईवरून डीला उतरवा, दुसरी बीवरून ए, पहिली ईवरून डी. आता तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला एकच बोट. सहाही तारांवर फक्त सा आणि प उरतात. गंधारच नाही, त्यामुळे तो शुद्ध की कोमल हा प्रश्नच नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी दोन मिळते, पुरुषांना सोयीची. भजनी ठेक्यात समेवर एकदा, मधे एकदा, एवढंच छेडा. बाकीचं मामांच्या तबल्याला करू द्या.

ताईसाठी डिले

इलेक्ट्रिकवर जो झुळझुळ आवाज तुला हवा आहे तो बोटांच्या वेगाने येत नाही, डिलेने येतो, म्हणजे वाजवलेला सूर जरा वेळाने परत ऐकवणाऱ्या पेडलने. ही यू-टू बँडच्या द एजची देणगी. गणित असं: ६०,००० ला गाण्याच्या टेम्पोने, म्हणजे मिनिटातल्या मात्रांनी, भाग, आलेल्या आकड्याचा पाऊण घे. टेम्पो ७२ असेल तर ८३३ मिलिसेकंद, त्याचा पाऊण ६२५. तो आकडा पेडलवर टाक, प्रतिध्वनी तीन-चारदाच येऊ दे, आवाज मूळ सुरापेक्षा थोडा कमी.

आता मात्रेचे चार तुकडे कर: त-क-धि-मि. तू फक्त ‘त’ आणि ‘धि’ वाजव. ‘त’चा प्रतिध्वनी पाऊण मात्रेने येतो, म्हणजे ‘मि’वर. ‘धि’चा येतो पुढच्या ‘क’वर. तू दोनच वाजवतेस, लोकांना चार ऐकू येतात. मात्र टेम्पो हलला की सगळा चिखल होतो. मामा उत्साहात आले की वेग वाढवतात हे तुला माहीत आहे, त्या गाण्याला डिले बंद ठेव आणि मोठी माणसं आहेत म्हणून गप्प बस.

पाळकसाहेब प्रार्थना करत असताना मागे वाजवायचं असेल तर सा आणि म एवढेच, तेही गिटारच्या व्हॉल्यूमची कळ शून्यावर ठेवून छेडायचं आणि करंगळीने हळूहळू उघडायचं. त्यांनी आवाज खाली आणला की तूही खाली. कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं की हात तारांवरून काढायचा. माणसाच्या दुःखाला पार्श्वसंगीत लागत नाही.

अकूस्टिक थेट मिक्सरला लांब केबलने जोडू नका, घूंऽऽ येतं. डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) गिटारजवळ ठेवा, पुढची लांब केबल मायक्रोफोनची. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तो मुलूख बेसचा आणि तबल्याच्या डग्ग्याचा.

कपाटाची चावी काकूंकडे आहे. वरच्या खणात तारांचे दोन संच आणि नऊ व्होल्टची बॅटरी ठेवली आहे. संच संपला की एमजी रोडवरून आणा, बिल खजिनदारांकडे द्या, माझ्यासारखं खिशात ठेवून धुवायला टाकू नका. कॅपो तीन आहेत. लाल चिकटपट्टीवाल्याची स्प्रिंग ढिली झाली आहे, तो पहिल्या फ्रेटवरच धरतो. शनिवारी साडेसहाच्या सरावाला मी येईनच. पण मी यायच्या आत पांढरी सहा धरून ट्यूनर लावलेला असू दे.