अचानक घडलेलं इंग्रजीत सांगताना विशेषण कसं निवडायचं

रावेरला मी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. वादळावर निबंध दिला की वहीत एकच विशेषण दिसतं: 'सडन'. वारा सडन, पाऊस सडन, पाहुणेही सडन! पोरांनो, लिहिण्याआधी स्वतःला विचारा: यात अनपेक्षित नेमकं काय होतं?

झपाटा सांगायचा असेल तर 'सडन'. दुपारी ऊन होतं, बघता बघता वारा सुटला आणि कटाईला आलेली केळी घडांसकट आडवी झाली. इथे 'अ सडन स्टॉर्म' चपखल बसतं. पण अमळनेरचे मामा न कळवता दारात उभे राहिले, तर ते 'अनएक्स्पेक्टेड गेस्ट'. एसटीने रमतगमत आले तरीही, कारण मुद्दा वेगाचा नाही, आपल्या ध्यानीमनी नसण्याचा आहे. आणि त्याच्या आधी 'अ' नाही, 'ॲन' लावा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा-गव्हावर पडणाऱ्या अवकाळीला 'अनसीझनल रेन' म्हणा. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रंही हेच लिहितात. 'अनफोरसीन' हा अर्जाचा, करारांचा शब्द आहे: 'ड्यू टु अनफोरसीन सर्कमस्टन्सेस'. घरच्या गप्पांत तो जड वाटतो.

आता 'अनप्रेसिडेंटेड'. हा शब्द मुलांना फार आवडतो, आणि मी तो सर्वांत जास्त वेळा खोडते. त्याचा अर्थ पूर्वी कधीच न घडलेलं. मे-जूनच्या वाऱ्याने केळी पडणं रावेर-यावलला नवं नाही, तुमच्या आजोबांनीही ते पाहिलंय. नुकसान प्रचंड असेल तर 'सीव्हिअर' किंवा 'डेव्हस्टेटिंग' लिहा. शेतकऱ्याचं दुःख त्याने जराही कमी होत नाही, उलट वाक्य खरं होतं. 'व्हेरी अनप्रेसिडेंटेड' तर लिहूच नका. आधी कधी घडलंच नाही, त्यात कमी-जास्त काय असणार?

शेवटी 'एड' आणि 'इंग'. बातमी 'शॉकिंग', ती ऐकणारे आपण 'शॉक्ड'. 'आय वॉज शॉकिंग' लिहिलंत तर धक्का देणारे तुम्हीच ठरता. शिवाय 'शॉकिंग' बहुधा वाईट गोष्टीलाच लागतं. भावाला न मागता सायकल मिळाली, तर 'ही वॉज प्लेझंटली सरप्राइज्ड' लिहा.

उद्या येताना प्रत्येकाने गेल्या महिन्यात घरी अवचित घडलेल्या दोन गोष्टी लिहून आणा. 'सडन' एकदाच वापरायचं.