‘मुद्दाम’चे इंग्रजी करताना या चुका टाळा

मराठीतला ‘मुद्दाम’ दोन्ही घरचा पाहुणा आहे. ‘मुद्दाम पाय अडकवला’ यात तक्रार आहे, तर ‘तुमच्यासाठी मुद्दाम मानकुराद आंबे आणले’ यात माया. इंग्रजीत एकाच शब्दाला हे दोन्ही झेपत नाही. डिलिबरेटली, इंटेन्शनली, ऑन पर्पज हे शब्द बहुतेक वेळा आरोपाच्या किंवा खुलाशाच्या सुरात येतात. त्यामुळे ‘आय डिलिबरेटली ब्रॉट मँगोज फॉर यू’ म्हटले की समोरच्याला वाटते, आपल्याला आंबे चालत नाहीत हे ठाऊक असूनच आणलेत. मायेच्या ‘मुद्दाम’ला ‘स्पेशली’ वापरा: ‘आय ब्रॉट दीज स्पेशली फॉर यू’. काणकोणहून पणजीला खास भेटायला आला असाल, तर ‘आय केम ऑल द वे टू सी यू’ पुरते.

दुसरी अडचण नकाराची, आणि ती सहज लक्षात येत नाही. ‘त्याने मुद्दाम फोन केला नाही’ याचे ‘ही डिडन्ट कॉल मी डिलिबरेटली’ असे भाषांतर केले, तर ‘फोन केला, पण मुद्दाम नव्हे, चुकून लागला’ असाही अर्थ निघतो. नकार हेतूवर बसतो की कृतीवर, हे शब्दाच्या जागेवरून ठरते. म्हणून हेतूचा शब्द नकाराच्या आधी ठेवा: ‘ही डिलिबरेटली डिडन्ट कॉल मी’. ‘ऑन पर्पज’ मात्र सहसा शेवटी येतो: ‘शी डिड इट ऑन पर्पज’. ‘शी ऑन पर्पज डिड इट’ हे मराठी वळणाचे इंग्रजी झाले. आपल्याकडे गोव्यात आणि शेजारच्या कर्नाटकात ‘मुद्दाम’साठी ‘वॉन्टेडली’ सर्रास ऐकू येतो. बोलण्यात कोणी अडणार नाही, पण प्रमाण इंग्रजीत तो चालत नाही. अर्जात किंवा मुलाखतीत टाळा.

पर्पजली आणि पर्पजफुली ही भावंडे दिसायला सारखी, स्वभावाने वेगळी. पर्पजली म्हणजे चुकून नव्हे, ठरवून. पर्पजफुली म्हणजे डोळ्यांसमोर ध्येय ठेवून, निर्धाराने. ‘ही वॉक्ड पर्पजफुली टुवर्ड्स द काउंटर’ बरोबर. हॉटेलच्या ईमेलमध्ये ‘वुई हॅव पर्पजफुली केप्ट द रूम एम्प्टी’ लिहिले, तर खोली रिकामी ठेवण्यात कसला निर्धार, असे वाचणाऱ्याला वाटेल. तिसरे भावंड पर्पजिव्ह. संशोधनात निकष ठरवून नमुने निवडले, तर त्याला ‘पर्पजिव्ह सॅम्पलिंग’ म्हणतात. प्रबंधात तिथे पर्पजली घालू नका.

सगळ्यात महागात पडणारी गल्लत म्हणजे विलफुली आणि विलिंगली. हक्कसोडपत्रावर किंवा संमतिपत्रावर ‘आय हॅव विलफुली साइन्ड’ लिहिले, तर सही राजीखुशीने केली हे त्यातून सांगितले जात नाही. विलफुलमध्ये हट्ट आणि अवज्ञा आहे. ऐपत असून कर्ज न फेडणाऱ्याला रिझर्व्ह बँक ‘विलफुल डिफॉल्टर’ म्हणते. राजीखुशीला ‘विलिंगली’, ‘व्हॉलंटरिली’ किंवा ‘ऑफ माय ओन फ्री विल’. स्पेलिंगही तपासा: भारतीय कायद्यांत ब्रिटिश पद्धतीने ‘विल’मध्ये एकच एल असतो, अमेरिकी लेखनात दोन.

पण व्हॉलंटरिली पोलिसांच्या कागदावर आला की अर्थ बदलतो. रोजच्या बोलीत तो ‘आपणहून’. भारतीय न्याय संहितेत मात्र परिणाम घडवण्याचा हेतू असला, किंवा तो घडण्याचा संभव आहे हे माहीत असले, किंवा तसे मानायला कारण असले, तरी कृत्य ‘व्हॉलंटरिली’ केलेले ठरते. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, पण ही व्याख्या जुन्या भारतीय दंड संहितेतही होती. म्हणून ‘व्हॉलंटरिली कॉजिंग हर्ट’ वाचून कोणी स्वयंसेवा केली असे समजू नका.

पंचायतीला तक्रार लिहिताना आधी स्वतःला विचारा: शेजाऱ्याने वहाळ (ओढा) अडवला हे दिसले, की त्याचा हेतूही माहीत आहे? माती टाकल्यास पाणी तुंबेल हे त्याला ठाऊक होते, तर ‘नोइंगली’. पाणी तुंबावे म्हणूनच टाकली, तर ‘इंटेन्शनली’. विचार करून, सांगूनही ऐकले नाही, तर ‘डिलिबरेटली’. यांपैकी काहीच दाखवता येत नसेल, तर क्रियाविशेषण गाळा आणि तारीख, जागा, मातीचा ढीग, तोंडी सांगितल्याचे दिवस लिहा. त्याचे वजन क्रियाविशेषणाहून जास्त पडते.

वजनावरून आठवले, ‘डिलिबरेट’च्या पोटात लॅटिनचा ‘लिब्रा’ म्हणजे तराजू आहे, तोच तूळ राशीचा. म्हणूनच ‘डिलिबरेट स्टेप्स’ म्हणजे खोडसाळ पावले नव्हेत. सावकाश, तोलून टाकलेली. उच्चारही दोन: विशेषणाचा शेवट ‘रट’सारखा हलका, आणि ‘विचारविनिमय करणे’ या क्रियापदाचा ‘रेट’.

योजनेच्या शब्दांत फार गुंता नाही. ‘प्रीप्लॅन्ड’मधला ‘प्री’ बहुधा जादा. योजना आधीच असते. गुन्ह्यासाठी ‘प्रीमेडिटेटेड’, नफातोटा मोजून घेतलेल्या जोखमीसाठी ‘कॅल्क्युलेटेड’. सहलीला प्रीमेडिटेटेड म्हणाल, तर ऐकणारा बॅगेत काय आहे ते विचारील. आणि घरात पोर्तुगीज शिकलेले आजोबा असतील, तर त्यांच्या ‘प्रेतेंदेर’ला भुलू नका. त्याचा अर्थ ‘इरादा असणे’. इंग्रजी ‘प्रिटेंड’चा अर्थ सोंग करणे. ‘आय प्रिटेंड टू कम टुमॉरो’ म्हणजे उद्या येण्याचे नाटक.